एक चमचा पिवळा

दुकानात रंग कालवायचं मशीन आलं, तेव्हा सगळे म्हणाले, आता रंगकाकूंचं काही खरं नाही. मशीन म्हणजे कपाटाएवढं धूड. कार्डावरचा नंबर दाबायचा, वरून थेंब थेंब रंग पडणार, डबा गदगदा हलणार, झालं. पण माणसं नंबर घेऊन येतात थोडीच? कुणीतरी यायचं आणि म्हणायचं, "आमच्या जुन्या घराच्या जिन्याला होता ना, तसला हिरवा द्या." आता तो जिना मशीनने कुठे बघितलाय? मग मालक हळूच आतल्या खोलीकडे बोट दाखवायचा. आत स्टुलावर काकू बसलेल्या असायच्या, हातात लाकडी पट्टी. "जिन्यावर ऊन यायचं का? सकाळी की दुपारी?" असे दोन-चार प्रश्न विचारायच्या आणि डोळे अर्धे मिटून डबा ढवळत राहायच्या. थोड्या वेळाने तो माणूस डब्यात डोकावायचा आणि डब्यात त्याचा जिना असायचा.

अशी तीस वर्षं गेली. मग गुडघे कुरकुरायला लागले, दुकान सुटलं, आणि काकू गावाच्या दुसऱ्या टोकाला लेकीच्या घरी राहायला आल्या. दुकान सुटलं की नावही सुटतं, हे माणसाला आधी कळत नाही. तिथे त्या रंगकाकू होत्या. इथे भाजीवाल्याच्या लेखी तिसऱ्या मजल्यावरच्या आजी झाल्या. हे त्यांना मुळीच आवडलं नव्हतं, आणि न आवडलेली गोष्ट पोटात ठेवायची सवय त्यांना कधीच नव्हती. चार दिवस लेकीचं डोकं खाल्लं, आणि पाचव्या दिवशी लेकीने त्यांना हाताला धरून चित्रमंडळात नेऊन बसवलं.

चित्रमंडळ वाचनालयाच्या मागच्या खोलीत भरायचं. पूर्वी तिथे सायकली ठेवत. भिंतीवर टायरांचे काळे अर्धगोल अजून होते. दारावर फळा. मंगळवारी माणूस समोर बसवून चित्र. गुरुवारी माती. शनिवारी रंग. महिन्यातून एकदा वह्या घेऊन बाहेर भटकायचं, आणि वर्षातून एकदा प्रदर्शन, त्यात प्रत्येकाचं एक तरी चित्र लागणारच, मग ते कसंही असो. हा शेवटचा नियम दातांच्या डॉक्टरांमुळे करावा लागला होता. बिचारे नेमाने यायचे, जीव ओतून काढायचे, पण त्यांनी काढलेल्या प्रत्येक माणसाचं तोंड हमखास उघडं निघायचं. मंडळ चालवायच्या ते शाळेतून निवृत्त झालेल्या चित्रकलेच्या बाई. त्यांना नुसतं बाई म्हणत. आणि खोलीची किल्ली असायची पेंटरमामांकडे. पेंटरमामांनी उभा जन्म दुकानांच्या पाट्या रंगवण्यात घालवला होता. बारा गावचं पाणी प्यायलेला माणूस, पण बोलायचा इतकं कमी, की त्याच्या तोंडून शब्द काढायला डॉक्टरांचा चिमटाच लागावा.

इथे काकू पुन्हा रंगकाकू झाल्या. शनिवारी त्या स्टुलावर बसायच्या, दुकानातल्या त्या जिन्याची गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायच्या, आणि मंडळातल्या माणसांनी एकेक करून पुढे येऊन रंग मागायचा. तयार झालेल्या रंगाचा एक फटकारा कागदाच्या पट्टीवर ओढून ती पट्टी एका जाड वहीत चिकटवायची, आणि ज्याने रंग मागितला त्यानेच त्याचं बारसं करायचं, अशी तिथली रीत पडून गेली. आजारपणातल्या दुपारचा पिवळा. बाबांच्या कोटाच्या आतला करडा. रुसलेल्या बहिणीचा गुलाबी. डबे रात्रभर फळीवर ठेवायचे, आणि रविवारी सगळ्यांनी येऊन त्यांतून रंगवायचं. रविवारी डब्यातला रंग पट्टीवरच्या रंगापेक्षा जरा निराळा वाटला तर पेंटरमामा म्हणायचे, "वाळल्यावर रंग बदलतोच." चाळीस वर्षं पाट्या रंगवलेला माणूस म्हणतोय म्हटल्यावर कोण वाद घालणार?

आता एक गोष्ट काकूंनी मंडळात कुणालाच सांगितली नव्हती. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता.

खरं सांगायचं तर त्यांना तो फारसा टोचतही नव्हता. जग कुणीतरी कोमट हळदीच्या दुधात भिजवून ठेवल्यासारखं दिसायचं. कडा विरघळायच्या. संध्याकाळी रस्त्यावरचे दिवे लागले की प्रत्येक दिव्याभोवती एक मोठं फूल उमलायचं, आणि खिडकीत बसून काकू ती फुलं मोजत राहायच्या. समोरून येणारं माणूस आधी नुसता रंग म्हणून यायचं, मग चाल म्हणून, आणि अगदी जवळ आलं की ओळखीचं व्हायचं. असं हळूहळू उगवणारं जग त्यांना गोड लागायला लागलं होतं. लेक महिन्यातून दोनदा म्हणायची, "आई, तारीख घेऊ या ना. अर्ध्या तासाचं काम आहे." काकू म्हणायच्या, "बघू." मनात वेगळीच धास्ती होती. आपल्याला दिसत नाही हे एकदा मंडळाला कळलं, की कोण रंग मागायला येणार? झाकली मूठ आहे तोवर रंगकाकू. उघडली की तिसऱ्या मजल्यावरच्या आजी.

तर त्या वर्षी मंडळाला भिंत मिळाली. बर्फाचा जुना कारखाना बंद पडला होता, त्याची लांबच लांब भिंत बसडेपोच्या समोर होती, आणि ती मंडळाने रंगवावी असं नगरपालिकेचं पत्र आलं. बाईंनी पत्र तीनदा वाचून दाखवलं. मग म्हणाल्या, "आपण तळं काढू या." कारण आज जिथे डेपो होता, तिथे पूर्वी तळं होतं. ते बुजवून पन्नास वर्षं झाली होती. मंडळातली बाकी सगळी माणसं नंतर गावात आलेली, पेंटरमामासुद्धा. तळं डोळ्यांनी बघितलेलं होतं एकट्या काकूंनी. त्यांचे वडील तिथे होड्या चालवायचे आणि घर अगदी काठावर होतं.

"काकू, पाणी कुठल्या रंगाचं होतं?" बाईंनी विचारलं.

काकूंनी डोळे अर्धे मिटले. त्यांना ती पहाट दिसत होती. वडील होडीतलं पाणी डब्याने उपसतायत. आपण काठावर, पाय पाण्यात. थंडगार, गुळगुळीत पाणी, आणि त्यावर धुक्याची साय. हाताने बाजूला सारली की सरकणारी, सोडली की पुन्हा मिटणारी. "सांगता नाही यायचं," त्या म्हणाल्या. "कालवून देते."

दुसऱ्या दिवशी सकाळपासून त्यांनी ढवळायला सुरुवात केली. निळा घातला, ते पाणी मळकट दिसलं. आणखी घातला, तरी त्याच्यावर कुणीतरी चहा सांडल्यासारखा. आणखी. दुपार झाली. आणखी थोडा, आणि शेवटी बादलीतून ती पहाट वर आली. काकूंचे डोळे भरून आले. "हेच," त्या म्हणाल्या. "हेच आमचं तळं."

मंडळ बादलीभोवती उभं होतं. बादलीत होता एक कडक, झगझगीत निळा, इतका की जांभळ्याच्या उंबऱ्यावर जाऊन उभा राहिलेला. असलं पाणी या पृथ्वीवर कुणी बघितलं नसेल. बाईंनी डॉक्टरांकडे बघितलं, डॉक्टरांनी बाईंकडे.

"काकू, हे जरा..." डॉक्टर म्हणाले.

"जरा काय?"

"जरा सुंदरच आहे," डॉक्टर म्हणाले, आणि त्यांचंच तोंड उघडं राहिलं.

आता याला काय म्हणावं? बारा शहाणी माणसं, बाराही जणांना डोळे. पण काकूंच्या नजरेवर त्यांचा असा काही विश्वास, की प्रत्येकाला आपलेच डोळे खोटे वाटले. काकू म्हणतात तळं असं होतं, तर ते असंच असणार. आपण कुठे होतो तेव्हा? त्या आठवड्यात त्या निळ्याच्या बारा बादल्या झाल्या आणि भिंतीवरचं सगळं पाणी रंगवून झालं. एकटे पेंटरमामा तेवढे नव्हते. त्यांची बहीण न्हाणीघरात घसरून पाय मोडून बसली होती, म्हणून ते आठ दिवस तिच्याकडे गेले होते.

नवव्या दिवशी मामा परत आले. पिशवी हातात तशीच, आणि भिंतीसमोर उभे राहिले. डेपोतून तीन बस गेल्या तरी उभेच.

"वाळलं का?" त्यांनी विचारलं.

"कधीच," बाई म्हणाल्या.

"मग काठ, झाडं, होड्या, माणसं, आभाळ, सगळ्यांचे रंग मी कालवतो."

काकू तिथेच स्टुलावर होत्या. त्यांना वाटलं आपण चुकून काहीतरी वेगळंच ऐकलं. "आणि मी?"

"तुमचं पाणी झालंय की," मामा म्हणाले, काकूंकडे न बघता. बाईंनीही मान खाली घातली आणि म्हणाल्या, "काकू, आता जरा आराम करा. बाकीचं आम्ही बघतो."

आराम करा. दुकानाच्या मालकाने शेवटच्या दिवशी नेमके हेच दोन शब्द वापरले होते. त्या काही बोलल्या नाहीत, आणि काकू बोलल्या नाहीत म्हणजे प्रकरण गंभीर, हे ओळखायला हवं होतं कुणीतरी. घरी आल्या, खिडकीत बसल्या, दिव्यांची फुलं मोजायला घेतली आणि मोजदाद चुकली. पुढचे तीन शनिवार त्या मंडळात गेल्या नाहीत. चौथ्या शनिवारी लेकीला म्हणाल्या, "घे तुझी ती तारीख. आता नाही तरी कुणाला माझ्या डोळ्यांचं काम उरलंय?"

उजवा डोळा झाला. डाव्याची तारीख पुढच्या महिन्याची मिळाली.

डोळ्यावरची पट्टी निघाली त्या सकाळी काकू स्वयंपाकघरात जाऊन ओट्याच्या फरशीकडे बघत राहिल्या. फरशी पांढरी होती. इतकी पांढरी गोष्ट जगात शिल्लक असेल असं त्यांना वाटलंच नव्हतं. लेकीचा जो झगा मातकट म्हणून त्या तीन वर्षं नाकं मुरडत होत्या, तो निळा निघाला. सगळीकडे निळाच निळा होता: दुधाच्या पातेल्याच्या कडेला, लेकीच्या मनगटावरच्या शिरांमध्ये, उन्हातल्या सावल्यांत. काकू घरभर चोरपावलांनी फिरल्या, नव्या बिऱ्हाडातून फिरावं तशा. आणि फिरता फिरता त्या मधेच थांबल्या, कारण त्यांना बारा बादल्या आठवल्या.

लेक नको म्हणत असताना त्या काळा चष्मा लावून रिक्षाने भिंतीपाशी गेल्या. समोरच्या बाकावर बसल्या. चष्मा काढला, डावा डोळा हाताने झाकला आणि बघितलं.

पाणी जांभळं होतं. भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसतं ओरडत होतं. हे तळं नव्हतंच. हा एका म्हाताऱ्या बाईचा आंधळेपणा होता, चांगला शंभर फूट लांब, बसडेपोच्या समोर मांडलेला. हजार माणसं रोज इथून जातात आणि रोज हे बघतात. त्या उठून जायच्या बेतात होत्या, पण गुडघे नाही म्हणाले, म्हणून बसून राहिल्या. कधीकधी गुडघ्यांनाही अक्कल असते.

बसल्या बसल्या त्यांची नजर काठाकडे गेली. काठ मातीचा हवा होता. तो तांब्याचा होता. लव्हाळी हिरवी नव्हती, पिकल्या पेरूसारखी पिवळी होती. होडीतल्या माणसाच्या अंगावर केशरी उजेड होता. पक्षी, झाडं, वरचं आभाळ, एकही रंग जागेवर नव्हता. प्रत्येक रंग बरोबर तितकाच सरकवला होता, जितकं पाणी सरकलं होतं. आणि म्हणून, नीट बघत राहिलं, की ते पाणी ओरडायचं थांबत होतं. ते एका वेगळ्याच घटकेचं पाणी होत होतं, पहाट नाही आणि संध्याकाळही नाही, झोपेत जशी एक तिसरीच वेळ असते तसल्या वेळेचं. काकूंच्या एका निळ्यासाठी कुणीतरी अख्खं जग हलवून घेतलं होतं. बाकापाशी एक बाई आपल्या लहान मुलीला कडेवर घेऊन थांबली होती आणि दोघीही बघत होत्या. मुलगी म्हणाली, "आपण आत जाऊ या."

काकू तिथून तडक वाचनालयाच्या मागे गेल्या. खोली उघडी होती, आत कुणी नव्हतं. त्यांनी रंगांची वही काढली आणि पहिल्या पानापासून बघायला बसल्या. पहिल्या वर्षीचे रंग ठीक होते. मग हळूहळू, पानागणिक, पट्ट्या निळ्या होत गेल्या होत्या. गुलाबी, करडा, हिरवा, सगळ्यांच्या पोटात निळं साचत गेलं होतं. तीन वर्षं धुकं कसं चढत गेलं ते तिथे तारीखवार चिकटवलेलं होतं. आणि प्रत्येक पट्टीच्या कडेला, इतक्या फिकट पेन्सिलीने की जुन्या डोळ्याला दिसलंच नसतं, काहीतरी लिहिलेलं होतं. काकूंनी पान खिडकीपाशी नेलं. पाव चमचा पिवळा. अर्धा चमचा पिवळा. पाऊण. शेवटच्या पानांवर सगळीकडे एकच: एक चमचा पिवळा. अक्षर पाट्या रंगवणाऱ्याचं होतं, इतकं बारीक असूनही वळणदार.

मामा केरसुणी घेऊन आले आणि दारातच थांबले. काकूंच्या मांडीवर वही होती.

"कधीपासून?" काकूंनी विचारलं.

"तिथे तारखा आहेत."

"रविवारी सकाळी लवकर यायचे तुम्ही. सगळ्यांच्या आधी."

"किल्ली माझ्याकडे असते."

"आणि मला सांगावंसं नाही वाटलं?" काकूंचा आवाज चढला. "तीन वर्षं मी तुमच्या चमच्यावर जगले तर. लोक मला रंगकाकू म्हणत होते आणि तुम्ही मागून माझं सगळं सारवत होतात. मी काय लहान पोर आहे?"

मामांनी केरसुणी भिंतीला टेकवून ठेवली. मग तो माणूस एका दमात जेवढं बोलला तेवढं त्याआधी सबंध वर्षात बोलला नसेल. "सांगितलं असतं तर तुम्ही ढवळायचं सोडलं असतं. मग आम्ही कुठे जायचं? मशीन आहे की दुकानात. काकू, पिवळा काय कुणीही घालतं, पण चमच्याला जिना माहीत नसतो. तो तुम्हीच आणायचात. मी फक्त त्याच्यावरची धूळ पुसली."

काकूंनी वही मिटली. राग येत होता, तो खराच होता. आणि त्याच्याखाली दुसरंच काहीतरी होतं.

"भिंतीला का नाही घातला मग?" त्या म्हणाल्या. "एवढं सगळं आभाळ हलवत बसलात."

"पाण्यावर पुन्हा हात मारायचा म्हणजे तळं बुजवल्यासारखं झालं असतं," मामा म्हणाले. "एकदा बुजवलं तेवढं पुरे."

पुढच्या शनिवारी काकू मंडळात गेल्या आणि आल्या आल्या सगळ्यांना सांगून टाकलं, डोळ्याचं, वहीचं, सगळं. बाई रडल्या. डॉक्टर म्हणाले, "तरी मी त्या दिवशी म्हणणारच होतो," आणि सगळे त्यांना हसले. मग सगळ्यांना वाटलं, प्रकरण इथेच संपलं. पण तेवढ्यात दारात एक बाई येऊन उभी राहिली. भिंतीच्या शेजारी तिचं पाळणाघर होतं. "ते पाण्याचं निळं आहे ना," ती म्हणाली, "ते माझ्या दाराला हवंय. पोरं रोज त्या भिंतीपाशी थांबतात, माझ्या दारात मात्र भोकाड पसरतात." आणि तिच्या मागोमाग डॉक्टरही पुटपुटले, की त्यांनाही दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीला तोच लावायचा होता, विचारायचं धाडस होत नव्हतं.

काकू स्टुलावर बसल्या. निळा घेतला, लाकडी पट्टी घेतली, ढवळलं. छान निळा झाला, बँकेच्या दाराला शोभेल असा. पाळणाघरवाली म्हणाली, "हा नाही." काकूंनी पुन्हा केला. हाही नाही. नव्या डोळ्याला सगळं बरोबर दिसत होतं, आणि बरोबर दिसणाऱ्या डोळ्याला ते तळं सापडेना. ज्या गोष्टीला त्या तीन वर्षं भीत होत्या, ती आता भलत्याच बाजूने समोर येऊन उभी राहिली होती: दिसायला लागलं, आणि हात रिकामा.

त्यांनी पट्टी खाली ठेवली. आणि मग उजवा हात उचलून त्यांनी तो नव्या डोळ्यावर घट्ट धरला.

खोली कोमट झाली. कडा विरघळल्या. डाव्या डोळ्यापुढे, जुन्या, साय धरलेल्या डोळ्यापुढे बादली मळकट पाण्याने भरलेली होती. काकूंनी डाव्या हाताने निळा घातला. आणखी घातला. वडील डब्याने पाणी उपसत होते. आणखी. पाय गार झाले. आणि बादलीतून ती पहाट सावकाश वर आली.

"अगदी हाच," पाळणाघरवाली म्हणाली.

"किती लागेल तेवढा आजच सांगून ठेवा सगळ्यांनी," काकू डोळा झाकूनच म्हणाल्या. "या डोळ्याला पुढच्या महिन्याची तारीख आहे. मग हे दुकान बंद."

डॉक्टर रिकाम्या बादल्या शोधायला धावले. मामा नेहमीच्या सवयीने फळीपाशी उभे होते, आणि काकूंना न बघताही कळलं की त्यांच्या हातात काय आहे.

"मामा, चमचा खाली ठेवा."

मामांनी चमचा खाली ठेवला. काकूंनी कागदाच्या पट्टीवर एक फटकारा ओढला, वाळू दिला, वहीत चिकटवला आणि वही मामांच्या पुढे सरकवली. मामांनी खिशातून पेन्सिल काढली, थोडा विचार केला, पेन्सिल पुन्हा खिशात टाकली आणि ब्रश उचलला. मग पट्टीच्या कडेला, दुकानाच्या पाटीवर लिहावं तशा मोठ्या, ठळक अक्षरांत, काकूंना कुठल्याही डोळ्याने वाचता येईल असं, त्यांनी लिहिलं: पिवळा घालू नये.